पळसावरची लाख आणि पडद्यामागचे सूर

पळसाच्या कोवळ्या फांदीवर लाखेच्या किड्याची मादी एकदा बसली की जन्मभर हलत नाही. सोंड सालीत रोवायची, रस ओढायचा आणि अंगातून पाझरणाऱ्या राळेने स्वतःभोवती घर बांधत राहायचे, एवढेच तिचे आयुष्य. शेजारी तशाच हजारो जणी. काही महिन्यांत अख्खी फांदी तांबूस-तपकिरी, खरबरीत लेपाने मढून जाते. फांदी तोडून तो लेप खरवडला की हातात येते ती लाख. किलोभर लाखेमागे सुमारे तीन लाख किडे, असा ढोबळ हिशोब सांगितला जातो.

महाराष्ट्रात लाख म्हटली की गोंदिया आणि गडचिरोली हे जिल्हे पुढे येतात. १९८२पर्यंत गडचिरोली चंद्रपूरचाच भाग होता, त्यामुळे जुन्या कागदांत चंद्रपूर-गडचिरोलीचा सगळा मुलूख ‘चांदा’ या एकाच नावाखाली सापडतो. लाखेला हवी ती तिन्ही झाडे इथल्या जंगलात आहेत. पळस, बोर आणि कुसुम, ज्याला काही भागांत कोशिंब म्हणतात. पळस-बोरीवरची लाख रंगीनी, कुसुमावरची कुसमी. कुसमी उजळ आणि महाग. दोन्हींची वर्षाला दोन-दोन पिके निघतात. मोह किंवा तेंदूपानांइतका लाखेचा बोलबाला नाही, पण २०१३-१४ पासून केंद्र सरकार गौण वनोपजाला किमान आधारभूत किंमत देऊ लागले तेव्हा त्या यादीत लाखही होती. आज ती बांगड्यांना लागते, फर्निचरच्या पॉलिशला लागते, औषधाच्या गोळ्यांवरच्या लेपाला लागते, सरकारी पाकिटावरच्या सीलला लागते. या गिऱ्हाइकांत एक जुने, बडे गिऱ्हाईक आता उरलेले नाही. ते म्हणजे ग्रामोफोनची तबकडी.

खरवडलेली लाख कुटून, धुऊन, वाळवून दाणेदार करतात. मग ती कापडाच्या लांब, अरुंद पिशवीत भरून भट्टीसमोर पीळ देत धरतात. वितळलेली राळ कापडातून पाझरते. ती गरम असतानाच कारागीर हातांनी, पायांनी आणि दातांत धरून ताणतो आणि पापडासारखा पातळ पत्रा काढतो. तो मोडला की झाला चपडा. जुन्या सुताराकडे बाटलीत स्पिरिटमध्ये भिजत घातलेला असतो, तोच. हा धंदा मुख्यतः छोटा नागपूरकडे एकवटलेला होता. रांचीजवळ नामकुमला १९२४ साली लाखेच्या संशोधनाची संस्था निघाली ती याच व्यापाराच्या जोरावर. तयार माल कोलकात्याहून बोटींनी जगभर जाई.

सपाट तबकडीचा जनक एमिल बर्लिनर. त्याने सुरुवातीला कडक रबराच्या तबकड्या काढल्या, पण रबर सगळीकडे सारखे दबत नसे, आवाज मध्येच पुसट होई. १८९०च्या दशकात त्याला लाखेच्या मिश्रणाचा पत्ता लागला, तोही बटणे बनवणाऱ्या एका अमेरिकी कारखान्याकडून. लाख उष्णतेने मऊ होते, साच्यातली बारीकात बारीक रेघ उचलते आणि थंड होताच कडक बसते. बटणाला हे गुण पुरेसे होते, गाण्याला तर वरदानच ठरले. पुढे पन्नासेक वर्षे जगातली बहुतेक तबकडी याच मिश्रणाची होती.

मिश्रण म्हणण्याचे कारण असे की तबकडीत निखळ लाख नसतेच. लाख साधारण पाचव्या ते तिसऱ्या हिश्शाइतकी; बाकी दगडाची भुकटी, रंगासाठी काजळी, धरून ठेवायला कापसाचा तंतू. ही भुकटी स्वस्ताईसाठी घातली जात असली तरी तिचे आणखी एक काम होते. जुन्या ग्रामोफोनची सुई पोलादी आणि तिच्यावर भार मोठा. तबकडी फिरायला लागली की पहिल्या काही फेऱ्यांत ती भुकटी सुईचेच टोक घासून खाचेच्या आकाराचे करून टाकी. म्हणजे झिजायचे होते ते सुईने, खाचेने नव्हे. म्हणून तर प्रत्येक बाजू वाजवून झाली की सुई फेकून नवी लावायची शिस्त होती. ज्या घरांत काटकसर म्हणून एकच सुई दहा-दहा वेळा वापरली गेली, त्या घरांतल्या तबकड्या आज वाजवून पाहिल्या की कळते. आवाजापेक्षा खरखर जास्त.

हिंदुस्थानातले पहिले मोठे ध्वनिमुद्रण १९०२च्या हिवाळ्यात कोलकात्यात झाले. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग तिथे आला आणि त्याने गौहर जान यांच्यासह अनेकांचे गाणे मेणावर उतरवले. पण तबकड्या छापायचा कारखाना इथे नव्हता. मेणाच्या मूळ प्रती जर्मनीत हॅनोव्हरला जात, तिथे तबकड्या छापून पुन्हा आगबोटीने इकडे येत. १९०८मध्ये कोलकात्यात सियालदहला कारखाना सुरू होईपर्यंत हाच प्रकार चालू राहिला. आपल्याकडची लाख समुद्रापार जाऊन आपल्याच गायिकेचा आवाज घेऊन परत येई आणि मधल्या प्रवासाचा खर्च रसिकाच्या खिशातून निघे. १९२८च्या सुमारास दमदमला मोठा कारखाना उभा राहिला. हिज मास्टर्स व्हॉइसचे लेबल असलेल्या, कुत्रा कर्ण्यासमोर बसलेल्या ज्या तबकड्या आपल्या आजी-आजोबांच्या घरांत होत्या, त्यांतल्या बऱ्याच तिथल्याच.

एखाद्या तबकडीत कुठल्या जंगलाची लाख आहे हे कोणालाच सांगता येणार नाही. व्यापारात सगळी लाख एकत्र होते, तिचे मूळ गाव पहिल्याच आडतीत पुसले जाते. तरीही गडचिरोलीतल्या वडशाहून रेल्वे गोंदियाला जाते आणि गोंदिया मुंबई-हावडा मार्गावर आहे, हा नकाशा डोळ्यांपुढे असला की जुनी तबकडी हातात घेताना अंदाज बांधण्याचा मोह आवरत नाही.

लाखेच्या तबकडीचा अंत दुसऱ्या महायुद्धाने जवळ आणला. लाख म्हणजे पूर्वेकडून बोटीने येणारा माल, आणि बोटींना दुसरी कामे लागली. एप्रिल १९४२मध्ये अमेरिकेने तबकड्यांसाठीचा लाखेचा वापर ७० टक्क्यांनी कमी करायचा हुकूम काढला. लोकांकडून फुटक्या, जुन्या तबकड्या गोळा करून दळून पुन्हा वापरल्या गेल्या. त्या दळणात कितीतरी गाण्यांच्या शेवटच्या प्रती गेल्या असणार. याच अडचणीतून व्हिनाइलचा शोध जोरात सुरू झाला आणि १९४८मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला तेहतीस फेरे घेणारी, एका बाजूला वीस-बावीस मिनिटे वाजणारी लाँग प्ले तबकडी बाजारात आणली. पश्चिमेत अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची लाखी तबकडी १९६०पर्यंत जवळपास संपली.

आपल्याकडे मात्र ती पुढेही चालू राहिली, आणि याचे कारण आपली खेडी. चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नाही. जिथे तारा पोहोचल्या नव्हत्या तिथे लाखी तबकडीच गाणे आणू शकत होती. म्हणूनच साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत दमदमला बीटल्सची गाणीही अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांवर छापली गेली. लंडनच्या पोरांनी ती व्हिनाइलवर ऐकली, आपल्याकडच्या काहींनी लाखेवर. आज जगभरचे संग्राहक या भारतीय बीटल्स तबकड्यांच्या मागे असतात, आणि त्या मिळाल्या तर तोंडाला येईल ती किंमत सांगितली जाते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत या तबकड्यांचा खरा साठा श्रीमंतांच्या दिवाणखान्यात कमी आणि लाऊडस्पीकरवाल्याच्या पेटीत जास्त होता. लग्नघरी तो बैलगाडीने किंवा सायकलला बांधून यायचा. दोन भोंगे, बॅटरीवर चालणारा ॲम्प्लिफायर, तबकडी फिरवायचे यंत्र आणि लाकडी खणांत उभ्या लावलेल्या रेकॉर्डी. पहाटे बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई, हळदीला लग्नगीते, वरात निघाली की सिनेमाची गाणी. भोंगा झाडावर बांधला की अर्धा कोस ऐकू जाई. आज या भागात जुन्या रेकॉर्डी शोधायच्या असतील तर पहिली चौकशी अशा जुन्या स्पीकरवाल्यांच्या घरी करावी. मुलांनी डीजेचा धंदा केला असेल, पण वडिलांची पेटी बहुधा माळ्यावर असते. दुसरी जागा म्हणजे कबाडी, पण तिथे पोहोचेपर्यंत अर्ध्या फुटलेल्या असतात.

आता तबकड्या गोळा करण्याच्या या छंदाचे दुसरे टोक पाहू, जे इथून फार लांब, रोममध्ये आहे. १९६० आणि ७०च्या दशकांत इटलीत वर्षाला शेकडो चित्रपट बनत. वेस्टर्न, रहस्यपट, भयपट, विनोदी, उत्तान, सगळेच. त्यांना संगीत हवे आणि तेही झटपट. एन्निओ मोरिकोने याने एकट्याने चारशेहून अधिक चित्रपट-मालिकांना संगीत दिले. १९६४च्या ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’वर त्याचे नाव ‘डॅन सॅव्हिओ’ असे लावले होते, कारण अमेरिकी वाटणारे नाव तिकीट खपवते अशी निर्मात्यांची समजूत. त्या संगीतातली प्रसिद्ध शीळ आलेस्सांद्रो आलेस्सांद्रोनीची. शब्दांशिवाय नुसता आकार लावणारा तो विलक्षण स्त्रीस्वर बऱ्याच चित्रपटांत एड्डा देल’ओर्सोचा. वाद्यवृंदाची सूत्रे अनेकदा ब्रुनो निकोलाईच्या हाती. मोरिकोनेचे नाव सर्वतोमुखी झाले, बाकीची नावे त्या काळी मुखपृष्ठाच्या मागच्या बाजूला राहिली, आणि कित्येकदा तिथेही नाही.

या संगीताच्या तबकड्या निघत, पण थोड्या. काही वेळा फक्त नभोवाणी केंद्रांना आणि वितरकांना वाटण्यापुरत्या. चित्रपट पडला की तबकडीही पडली. नव्वदच्या दशकात मिलानच्या ईझी टेम्पो नावाच्या कंपनीने असले विसरलेले संगीत संकलन करून पुन्हा काढले आणि एकदम मागणी वाढली. ज्या चित्रपटाचे नाव इटलीतही कोणी घेत नाही, त्याच्या संगीताची मूळ प्रत शेकडो युरोंना जाऊ लागली. यात नुसते खूळ नाही. त्या सुमार चित्रपटांसाठी वाजवणारे वादक अव्वल होते, ध्वनिमुद्रण उत्तम होते, आणि निर्मात्याचे लक्ष नसल्यामुळे संगीतकाराला हवे ते करायची मोकळीक होती. चित्रपट वाईट असेल तर संगीत ऐकायला जास्त मजा येते, असे माझे मत हळूहळू होत चालले आहे.

याहून चमत्कारिक प्रकार म्हणजे लायब्ररी म्युझिक. कुठल्याच चित्रपटासाठी न बनवलेले, पण कुठल्याही चित्रपटाला चालेल असे संगीत. मूकपटांच्या काळात, १९०९मध्ये लंडनला दे वुल्फ ही कंपनी निघाली, तिने आधी प्रसंगाप्रमाणे वाजवायच्या स्वरलिपींचा आणि पुढे तबकड्यांचा असा साठा ठेवला. माहितीपट बनवणाऱ्याला समुद्राचे दृश्य आहे, कारखान्याचे आहे, पाठलाग आहे, संशय आहे. त्याने यादी पाहायची, तबकडी मागवायची, वापराचे पैसे द्यायचे. या तबकड्या दुकानात विकायला नसतच. लंडनच्याच केपीएम कंपनीच्या साध्या हिरव्या पाकिटांवर चित्रसुद्धा नसे, आत नुसती वर्णने. इटलीत पिएरो उमिलिआनीने यासाठी स्वतःच्या कंपन्या काढल्या आणि मोग्गी, झाल्ला अशा टोपणनावांनी तबकड्यांमागून तबकड्या केल्या. त्याच्याच एका सुरावटीची गंमत पाहा. १९६८च्या स्वीडनवरच्या एका चावट माहितीपटासाठी त्याने ‘मा ना मा ना’ नावाचा एक तुकडा रचला. तो अमेरिकेत लहान मुलांच्या कार्यक्रमात गेला, पुढे ‘मपेट शो’मुळे जगभरच्या पोरांच्या तोंडी बसला. मूळ चित्रपट त्या पोरांना दाखवायची कोणाची छाती होणार नाही.

संग्राहकांना या संगीताचे वेड का लागते हे समजून घेतले की आपल्याकडे काय हरवले तेही दिसते. इटलीत चित्रपटाची तबकडी म्हणजे पार्श्वसंगीत. आपल्याकडे चित्रपटाची तबकडी म्हणजे गाणी. प्रसंगांच्या मागे वाजणारे संगीत आपल्या कंपन्यांनी क्वचितच छापले. ‘शोले’ला १९७५मध्ये पॉलिडॉरने संवादांची तबकडी काढली आणि ती गाण्यांइतकी खपली, गब्बर गावोगावी भोंग्यावरून ओरडला. पण त्या चित्रपटाच्या पार्श्वसंगीतावर इटालियन वेस्टर्नची जी छाया आहे, ती ऐकायची तर चित्रपटच लावावा लागायचा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कल्याणजी-आनंदजींच्या मारधाडपटांतले पार्श्वसंगीताचे तुकडे नव्या ठेक्यांवर बसवून ‘बॉम्बे द हार्ड वे’ नावाने निघाले, तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा कळले की खलनायकाच्या अड्ड्यामागे एवढे झकास ब्रास वाजत होते.

ते वाजवणारे आणि त्याची बांधणी करणारे बरेचसे गोव्याचे. स्वरलिपी लिहिता-वाचता येणे ही त्यांची पुंजी. चर्चच्या शाळांतून शिकलेले, बँडमधून आलेले. शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदाची बांधणी वर्षानुवर्षे सेबॅस्टियन डिसोझांनी केली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात त्यांचे नाव देशभर दुमदुमले, पण ते कोणाचे नाव आहे हे ऐकणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक होते. मराठी-हिंदी दोन्हींकडे अनिल मोहिले यांच्यासारख्यांनी हे काम केले. संयोजक हा शब्द पाकिटाच्या कोपऱ्यात बारीक टायपात सापडला तर नशीब.

पुण्यातला एक प्रयोग मात्र याच्या बरोबर उलट टोकाचा होता. प्रभातच्या १९३७च्या ‘कुंकू’मध्ये व्ही. शांताराम आणि संगीतकार केशवराव भोळे यांनी पार्श्वसंगीतच काढून टाकले. घरातले, रस्त्यावरचे नैसर्गिक आवाज तेवढे ठेवले. बोलपट येऊन पाच-सहा वर्षेच झाली होती आणि पडद्यामागच्या सुरांशिवाय प्रसंग उभा राहतो हे दाखवायची हिंमत त्यांनी केली. संग्राहकाच्या दृष्टीने हा चित्रपट म्हणजे पंचाईतच. जे तबकडीवर असते ते गाण्यांत आहे आणि जे चित्रपटाला मोठे करते ते तबकडीवर येऊच शकत नाही.

लायब्ररी म्युझिकच्या सर्वांत जवळचे आपल्याकडे काही असेल तर ते फिल्म्स डिव्हिजनचे संगीत. १९४८मध्ये मुंबईत ही सरकारी संस्था सुरू झाली. चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी तिचा वृत्तपट किंवा माहितीपट दाखवणे सक्तीचे होते, चंद्रपूरच्या टॉकीजमध्येही धरण, पूर, पंचवार्षिक योजना पाहिल्याशिवाय हिरो दिसत नसे. लोक शेंगा खात, गप्पा मारत. त्या पडद्यामागे बासरीवादक विजय राघव राव यांच्यासारखे संगीतकार शास्त्रीय रागांपासून विचित्र आवाजांपर्यंत काय वाटेल ते करून पाहत होते. सरकारी नोकरी, ठरलेली मुदत, गाण्याची सक्ती नाही. रोमच्या संगीतकारांना मिळाली तीच मोकळीक. हे संगीत तबकडीवर विकायला आले नाही. जे ऐकायचे ते मूळ चित्रफितींतूनच.

रेकॉर्डी गोळा करणाऱ्यांना आपल्याकडे बराच काळ विक्षिप्तांत मोजले जाई. १९९०मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली आणि या विक्षिप्तांना एकमेकांचे पत्ते मिळाले. तिची धुरा प्रामुख्याने सुरेश चांदवणकर यांनी वाहिली. ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भौतिकशास्त्रज्ञ होते. शाखा सोलापूर, नांदेडपर्यंत पसरल्या. ऐकण्याचे कार्यक्रम झाले आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ नावाचे नियतकालिक निघाले. या अंकांत तबकड्यांच्या याद्या आहेत, कलावंतांवरचे लेख आहेत, कंपन्यांचे इतिहास आहेत. त्याच दशकात ऑस्ट्रेलियाचे मायकेल किनियर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या हिंदुस्थानातल्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांची तपशीलवार यादी छापली. कंपन्यांनी स्वतःच्या दप्तरात जे नीट ठेवले नाही ते असे नोकरी सांभाळून रविवारी बसणाऱ्या माणसांनी मांडले. संगीताचा इतिहास लिहायला बसणाऱ्याला आज त्यांच्याच दारात जावे लागते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला एक सवय आधी लावून घ्यावी लागते. तबकडी हातात आली की गाण्याचे नाव नंतर, आधी लेबलच्या कडेची मोकळी जागा पाहायची. तिथे कोरलेला साचा क्रमांक तबकडीचे वय आणि मूळ सांगतो. लेबल बदलते, पाकीट तर हमखास दुसऱ्याचे असते. साचा क्रमांक खोटे बोलत नाही. अगदी जुन्या तबकड्यांत गाणे संपताना गायिका स्वतःचे नाव पुकारते, इंग्रजीतसुद्धा. हॅनोव्हरच्या कारागिरांना कोणाची तबकडी कोणती हे कळावे म्हणून ही सोय होती असे सांगतात. लाखी तबकडीला तडा आहे का हे पाहायचे तर ती मधल्या भोकात बोट घालून धरावी आणि बोटाच्या पेराने कडेला हलकेच ठोकावे. धड असेल तर नाद निघतो, तडकलेली असेल तर बद्द आवाज. सुईचीही जात वेगळी लागते. लाखी तबकडीची खाच रुंद असते. लाँग प्लेची बारीक सुई तिच्यात घातली तर ती तळाशी घसरते आणि खरखरच जास्त उचलते.

आणि स्पिरिट. व्हिनाइल पुसायला काही जण स्पिरिट वापरतात आणि तेच फडके लाखी तबकडीवर फिरवतात. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो, सुतार तेच तर करतो. एका पुसण्यात खाचांची चकाकी जाते आणि गाणे कायमचे पुसट होते. लाखी तबकडी कोरड्या मऊ ब्रशने झाडावी, फारच मळली असेल तर किंचित साबणाच्या पाण्याचा ओलसर फडका, तोही लेबल वाचवून.

व्हिनाइलचा शत्रू मात्र आपला उन्हाळा. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जाणे ही बातमी राहिलेली नाही. ते सावलीतले तापमान झाले. टिनाच्या छपराखालचा माळा किंवा उन्हात उभी केलेली बंद गाडी याहून खूप तापते आणि साठ अंशांच्या आसपास व्हिनाइल मऊ पडू लागते. आडव्या रचलेल्या गठ्ठ्यातल्या खालच्या तबकड्या मग लाट घेतात, ती लाट परत सरळ होत नाही. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, घट्ट कोंबू नयेत, आणि घरातली सर्वांत थंड भिंत त्यांना द्यावी. पावसाळ्यात पाकिटांना बुरशी लागते, वाळवीला तर पुठ्ठा म्हणजे मेजवानी. लोखंडी रॅक आणि भिंतीपासून चार बोटे अंतर, एवढे तरी हवेच.

चांद्याच्या जंगलपट्ट्याचे स्वतःचे पार्श्वसंगीत मात्र अजून तबकडीच्या बाहेरच आहे. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरू लागते आणि होळीपर्यंत झाडीपट्टीची, म्हणजे याच जंगलपट्ट्याची, नाटके चालतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, ते संपायला पहाट होते. वडसा हे या धंद्याचे ठाणे. नाट्यमंडळांची कार्यालये, तारखा बांधायला आलेली गावकरी मंडळी, भिंतींवर रंगीत जाहिराती. दंडार, खडी गंमत या लोकनाट्यांतून ही रंगभूमी आली. तिच्यातले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांनीही तिची दखल घेतली.

या नाटकात रंगमंचालगत वादक बसतात. ऑर्गन, तबला, आता ऑक्टोपॅडही. गाणी तर ते वाजवतातच, पण ऐकण्यासारखे आहे ते गाण्यांच्या मधले. खलनायक आला, ऑर्गनवर खालच्या पट्टीत एक जाड सूर. आईचे दुःख, वरच्या पट्टीत हळू सरकणारी ओळ. विनोदी नट घसरला, ऑक्टोपॅडवर फटका. कुठेही लिहिलेले नाही. ऑर्गनवाल्याच्या बोटांत भीती, संशय, विरह, पाठलाग यांचे तयार तुकडे असतात आणि नटाचा आवाज ऐकून तो त्यांतला एक काढतो. लंडन-रोमच्या कंपन्यांनी हिरव्या पाकिटांत घालून विकले ते हेच. फरक एवढाच की इथे यादी एका माणसाच्या डोक्यात असते आणि त्याच्याबरोबर जाते.

मुंबई-पुण्याच्या संगीत नाटकांची पदे लाखेवर उतरली. वडशाचा ऑर्गनवाला जुन्या कॅटलॉगांत मला कुठे भेटला नाही. आता प्रयोगांची चित्रीकरणे मोबाइलवर फिरतात, पण त्यांत माइक नटांसमोर असतो, वादक चौकटीबाहेर. आवाज फाटलेला. या भागातल्या एखाद्या तरुणाला छंद लागायचाच असेल तर रोमच्या महागड्या तबकड्या मागवण्याआधी एक साधा रेकॉर्डर घेऊन ऑर्गनजवळ बसावे, हे मी आग्रहाने सांगेन. परवानगी विचारून, आणि वादकाचे नाव, गाव, मंडळ, तारीख लिहून. नाटकाच्या जाहिरातीवर ऑर्गन आणि तबल्यासमोर नावे छापलेली असतात. त्या जाहिराती दुसऱ्या दिवशी वडे बांधायला जातात. त्या जपल्या तर ते काम अर्धे झाले.

इथल्या गोंडी भाषेच्या बाबतीत मात्र लाखेने थोडी लाज राखली आहे. सर जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाला जोड म्हणून १९१३ ते १९२९ या काळात देशभरच्या भाषांचे नमुने ग्रामोफोनच्या तबकड्यांवर घेतले गेले. बहुतेक ठिकाणी बोलणाऱ्याला बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट आपल्या भाषेत सांगायला लावत, त्यासोबत एखादी स्थानिक गोष्ट किंवा गाणे. मध्य प्रांतातल्या नमुन्यांत गोंडी आहे. शंभर वर्षांपूर्वीचा तो माणूस सरकारी साहेबासमोर कर्ण्यात तोंड घालून बोलतो, थोडा घाईत, थोडा मोठ्याने, कारण मायक्रोफोन बऱ्याच ठिकाणी पोहोचलाच नव्हता. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक डिजिटल ग्रंथालयाने ही ध्वनिमुद्रणे सर्वांना ऐकण्यासाठी खुली ठेवली आहेत. गडचिरोलीच्या एटापल्लीत किंवा भामरागडमध्ये नेटवर्क असलेल्या टेकडीवर बसून ती मोबाइलवर लावता येतात, आणि शेजारी गोंडी बोलणारे आजोबा असतील तर ते पहिल्या दोन वाक्यांत सांगू शकतात की बोलणारा आपल्या बाजूचा आहे की पलीकडचा.